चित्र हललं का

लग्नात माणसांना कोपरानं बाजूला सारणारे शूटिंगवाले मी पुष्कळ पाहिले. हा कुणाला हात लावत नव्हता. नुसता "दमानं" म्हणायचा, तेही शेजारच्याला गुपित सांगावं तसं, आणि हार घालायला निघालेली नवरी हात आवरून हळू हार घालायची. सिरसाळ्यात त्याला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. "दमानं आला का?" असंच लोक विचारायचे. मीही तेच म्हणायची, आणि इथंही तेच लिहिते.

माझ्या घराला रस्त्याच्या अंगाला एक खोली आहे. तीत तो भाड्यानं राहायचा आणि तिथंच धंदा करायचा. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात आणि दिवसभर गाणी वाजतात. दमानंच्या वेळी आवाज नव्हता. एक खाट, एक कॉम्प्युटर, कॅमेऱ्याची पेटी आणि भिंतीवर बैलाची झूल. झूल त्याच्या बापाची. बाप तलवाड्याचा, बैलबाजारातला दलाल. नुसत्या खुरांच्या आवाजावरून तो बैलाची खोड सांगायचा, असं दमानं म्हणायचा. मी काही विश्वास ठेवला नाही. दलालाचा लेक बापाबद्दल दुसरं काय सांगणार? बायको आणि आई तलवाड्यालाच शेतावर होत्या. लग्नसराई संपली की तो तिकडं जायचा आणि दिवाळी झाली की परत यायचा.

बाप गेला, बाजार सुटला, पण बाजाराचे कायदे याच्या अंगातून गेले नाहीत. कुठलीही वस्तू तो बैल घेतल्यासारखी घ्यायचा. एकदा टेबलफॅन आणायला गेला तर दुकानात तो चालू करून त्याच्यापुढं अर्धा दिवस बसून राहिला. कान लावून ऐकलं, पाठीमागून हात फिरवला. घरी आणला, आणि पंखा एका बाजूला मान वळवताना कटकट करायला लागला. मला म्हणाला, "मारका न्हाई मावशी, खोडकर हाय. राहील नीट." तो पंखा अजून माझ्याकडं आहे, आणि अजून कटकट करतो.

कामात मात्र त्याच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. लग्नघरात गेला की आधी तो आरसे शोधायचा. शोकेसच्या काचा, तसबिरी, पाण्याचे स्टीलचे पिंप, जिथं जिथं म्हणून माणसाचं प्रतिबिंब पडेल तिथं कापड टाकायचा, नाहीतर ती वस्तू वाकडी फिरवून ठेवायचा. तो म्हणायचा, "शूटिंगवाला चित्रात दिसला की शूटिंगवाल्याचं काम बुडालं." एका लग्नात रुखवताजवळ आरशाचं कपाट होतं. यानं त्याच्यावर शाल टाकली. नवऱ्याच्या मामाला वाटलं, कपाटाला पोचा पडलाय आणि मुलीकडचे झाकून देतायत. जेवणाच्या पंगतीत भांडण पेटलं. शेवटी शाल काढून, कपाट चारी बाजूंनी सगळ्यांना दाखवून मगच मामा जेवायला बसला. तेवढ्या वेळात यानं मामाचं सगळं भांडण शूट केलं होतं. मामा मागं लागला तरी ते त्यानं कुणाला दिलं नाही. म्हणाला, हे लग्नात धरत नसतात.

दुसरी खोड अशी की, लग्नाचं चित्र तयार झालं की ते त्या घरी जाऊन दाखवायचा, पण स्वतः टीव्हीकडं पाठ करून उभा राहायचा. बघणाऱ्यांची तोंडं बघायचा. आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "चित्र हललं का?" कुणी सांगितलं की नवरी छान दिसती, जेवणाची पंगत छान आली, तर त्याचं समाधान व्हायचं नाही. पुन्हा विचारायचा. चित्र हललं का? नाही म्हटल्यावर मग चहा घ्यायचा.

चित्र हलू नये म्हणून तो चालायला शिकला होता. सकाळी माझ्या अंगणात कॅमेरा छातीशी धरून कोंबड्यांच्या मागं चालायचा. गुडघे जरासे वाकवलेले, आधी टाच, मग चवडा, काठोकाठ दुधाचं पातेलं नेणाऱ्या बाईसारखा. येणारे-जाणारे हसायचे. मीही हसायची. पण त्याचं चित्र हलत नव्हतं, ही गोष्ट खरी.

त्या सुमाराला परळीची तरणी पोरं गिंबल घेऊन लग्नात यायला लागली. गिंबल म्हणजे कॅमेरा धरायचा दांडा. त्याला वर तीन सांधे, आणि सांध्या-सांध्यात लहान मोटार. हात एकीकडं गेला की मोटार कॅमेऱ्याला दुसरीकडं ढकलते, म्हणून कॅमेरा जागच्या जागी राहतो. हे मला कळावं म्हणून दमानंनं माझी कोंबडी धरली. तिचं अंग वर केलं, खाली केलं, बाजूला नेलं, पण कोंबडीची मान हवेत खिळा मारल्यासारखी जिथल्या तिथं.

"बगा मावशी, हे गिंबल."

"मग कोंबडीच घेऊन जा लग्नाला," मी म्हणाले. "काम झाल्यावर पोटात तरी जाईल."

गिंबलाचा त्याला राग होता. "त्याच्यावरचं चित्र तरंगतंय," म्हणायचा. "लग्नात माणसं चालत्यात, भुतं न्हाई." आणि परळीच्या पोरांचा तर फारच. ती गिंबल धरून धपाधप चालायची. हाताचा हेलकावा गिंबल खातं, पण पावलाचा दणका खात नाही. मग चित्र आडवं हलत नाही, खालीवर उडतं. त्या पोरांचं चित्र बघून दमानं म्हणायचा, शेळीच्या पाठीवर बसून शूटिंग केलंय.

हे असं चाललं होतं. मग त्यानं चहा आत न्यायला सुरुवात केली.

आधी तो माझ्या पायरीवर बसून बशीत चहा ओतून प्यायचा. रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असा भुरका. मग एक दिवस म्हणाला, कपातच द्या, अर्धाच द्या, आणि कप घेऊन खोलीत गेला. दार लोटून घेतलं. रोजच असं व्हायला लागलं. मला वाटलं, माझ्या हातचा चहा आवडेनासा झाला असेल. झाला तर झाला.

पण सुईचं मला खटकलं. मी गोधड्या शिवते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून मला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा दमानं सकाळी सकाळी चार-पाच सुया ओवून ठेवायचा. ते त्यानं बंद केलं. एकदा म्हणाला, हात ओला हाय. एकदा म्हणाला, डोळ्यात कचरा गेलाय. तिसऱ्या वेळी मी त्याचं मनगटच धरलं. उजवा हात. बोटं कापत होती. थंडीनं कापतात तशी नव्हे. एका तालात, थांबतच नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झालं की वरीस."

"दवाखान्यात गेलतास का?"

"गेलतो. शिरेचं हाय म्हणले. गोळ्या हायती. त्यानं कमी व्हतंय, जात न्हाई." हात सोडवून घेत तो खाली बसला. "मावशी, कुणाला बोलू नका. हात कापतो म्हणल्यावर मला लग्न कोण देईल? एक बार हललं तर पुन्हा लावता येत न्हाई लग्न."

"मी काय दवंडी पिटती का?"

त्यानं मग सगळं सांगितलं. जुना कॅमेरा जड होता आणि खांद्यावर बसायचा, त्यात हाताचं एवढं दिसलं नसतं. पण मधे त्यानं नवा घेतला होता, मिररलेस म्हणतात तो. अंधारात चित्र सुरेख येतं, पण केवढा, तर तळहातावर मावेल एवढा. हलक्या वस्तूत नाडी उडाली तरी दिसते. पाय कितीही दमानं टाकले तरी बोटांचं काय करणार? स्टँडवर कॅमेरा ठेवला तर चालत्या नवरीमागं जाता येत नाही. कॉम्प्युटरवर चित्र दुरुस्त करत बसायचा, पण ते कडेनं कापलं जायचं आणि कुणाचं तरी डोकं उडायचं.

"मग ते कोंबडीचं यंत्र घे," मी म्हणाले.

"ज्याला गावभर शिव्या घातल्या त्यालाच घरात आणू का आता?"

"लोक शिव्या घालून घालून शेवटी व्याही होतात. तुझं काय मोठं."

तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी परळीच्या एका ओळखीच्या शूटिंगवाल्याकडून त्यानं गिंबल मागून आणलं. बारीक, हलकं, खिशात मावेल म्हणावं असं. यानं आपला कॅमेरा लावला, पुढं आपली जाडजूड लेन्स लावली आणि गावातल्या खताच्या दुकानदाराच्या घरी लग्नाला नेलं. पहिला अर्धा तास बरं चाललं. सप्तपदीच्या वेळी दांडा कण्हायला लागला आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. नवरा-नवरीचे पाय, मग जमीन, मग मंडपाचा खांब. दमानंनं कॅमेरा उपटून हातात घेतला आणि बाकीचं लग्न हातानंच केलं. ते चित्र त्या घरी बघितलं गेलं. प्रश्न विचारायच्या आधीच दुकानदार म्हणाला, "दमानं, हे तर पार हललंय की."

त्या दिवशी त्यानं तिथं चहा घेतला नाही. मला येऊन म्हणाला, "यंत्राला बोल न्हाई मावशी. माझी चूक. गोऱ्ह्याच्या मानेवर बैलाचं जू दिलं मी. बसणारच ते."

गावात बोललं जायला लागलं. कुणी म्हणे पितो, कुणी म्हणे म्हातारा झाला. दोन ठरलेली लग्नं परळीच्या पोरांकडं गेली. तो खोलीतून बाहेर येईना.

मला डोळा तपासायला बीडला जायचं होतं. मी त्याचं दार वाजवलं आणि सांगितलं की मला एसटीचा बोर्ड दिसत नाही, तू चल, आणि येताना तुझं ते यंत्र बघून ये. बोर्ड मला दिसत होता. पण त्याला बाहेर काढायला दुसरं काही सुचलं नाही.

दवाखान्याचं काम लवकर झालं. मग आम्ही कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं तीन-चार गिंबलं मांडली आणि बोलायला लागली. हे इतकं वजन घेतं, हे इतके तास चालतं, हे चेहऱ्याच्या मागं आपोआप फिरतं. दमानंनं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, गुण तर विकणारा सांगतच असतोय," तो म्हणाला. "माझ्या कॅमेऱ्यासंगं जुंपून बघू द्या. बैल एकटा बघत नसतात. जोडी बघतात."

मुलीला हसू आलं, पण तिनं लावू दिलं. त्यानं आधी एक मोठं घेतलं. जाड मोटारी, कॅमेरा अगदी फुलासारखा उचलला. पण दमानं ते हातात धरून उभा राहिला आणि मला दिसत होतं की त्याचा खांदा खाली चाललाय. "हा लई ताकदीचा हाय," म्हणाला, "पण ह्याला धरायलाच दुसरा गडी लागंल." बाजूला ठेवलं.

दुसरं, मधल्या अंगाचं. मोटार चालू न करताच त्यानं कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याखालची पट्टी पुढं सरकवली, मागं सरकवली, पुन्हा जरा पुढं. एकेक सांधा मोकळा करून कॅमेरा तिरका सोडायचा आणि बघायचा की तो तसाच राहतो की पडतो. बोटं कापत होती, त्यामुळं स्क्रू पकडायला वेळ लागत होता. मुलगी म्हणाली, "काका, चालू करा, मोटार सांभाळून घेते."

"न्हाई बाई. बंद असताना ज्याची मान पडती, त्याची सगळी ताकद मान उचलण्यातच जाती. मग त्यो काम कवा करणार?"

सगळे सांधे मोकळे असताना कॅमेरा जिथं सोडला तिथं थांबला, तेव्हा त्यानं बटण दाबलं. या गिंबलाला मागच्या बाजूला आणखी एक मूठ होती. पाण्याची बादली न्यावी तसं दोन्ही हातांनी खाली धरता येत होतं. म्हणजे उजव्या हातावर एकट्यावर भार नव्हता. ते घेऊन तो दुकानाबाहेर गेला. रसवंतीपर्यंत चालला, वळला, मागं मागं चालत परत आला. लोक थांबून बघत होते. आत येऊन चित्र माझ्यापुढं धरलं.

"चित्र हललं का?"

"मला सगळं जग धुकट दिसतंय. मला कशाला विचारतोस?"

मग त्यानं मुलीला विचारलं. तिनं दोनदा बघितलं आणि नाही म्हणाली. तेव्हा त्यानं गळ्यातला टॉवेल काढून काउंटरवर पसरला, त्याखाली हात घातला आणि वाट बघत उभा राहिला.

मुलगी मागं सरकली. "काका, हे काय?"

मला कळलं होतं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात, म्हणजे आजूबाजूच्याला आकडा कळत नाही. पण हे शहरातल्या दुकानात, तेही पोरीपुढं. मी त्याला म्हणाले, अरे वेडा आहेस का, मार खाशील. तेवढ्यात आतून दुकानाचा मालक उठून आला. वाणी होता, कपाळाला भस्म, माझ्याच वयाचा. त्यानं टॉवेलाकडं पाहिलं, हसला, मुलीला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतःचा हात टॉवेलाखाली घातला.

टॉवेल जरा हलला. मग मालकाचं हसू गेलं. त्यानं दमानंच्या तोंडाकडं बघितलं. दमानंनं खाली बघितलं. कापडाखाली आकडा लपतो, हात लपत नाही. सगळ्या गावापासून झाकून ठेवलेली गोष्ट यानं आपणहून त्या अनोळखी माणसाच्या तळव्यात नेऊन दिली होती.

भाव काय ठरला ते मला आजही ठाऊक नाही. मालकानं हात काढून घेतला आणि मुलीला म्हणाला, बांधून दे, पैसे मागनं बघू. मुलगी म्हणाली, उघडलेला खोका परत घेत नाही आपण, आधी पैसे. मालक म्हणाला, "औताला न जुंपता बैल घेतेत का? घेऊन जा बाबा. एक लग्न कर. जोडी लागली तर पैसे आण, न्हाई लागली तर यंत्र आण."

ते एक लग्न म्हणजे माझ्या नातीचं. दुसरं त्याच्याकडं उरलं नव्हतं.

माझा मुलगा परळीला मास्तर आहे. त्याच्या मुलीचं लग्न, त्याला परळीची पोरं हवी होती. ती पोरं वर उडणारा कॅमेराही आणतात. मला फोनवर म्हणाला, "आई, त्याचा हात हलतो म्हणतेत लोक. नुसतं आपला भाडेकरू म्हणून देऊ नको."

मी म्हणाले, "भाडेकरू म्हणून नाही देत. बीडच्या रस्त्यावर त्यानं मागं मागं चालून दाखवलंय. त्या पोरांना म्हणावं तसं चालून दाखवा, मग बोला." मुलगा रागावला. रागावू दे. चित्र हललं असतं तर जन्मभर मलाच ऐकावं लागलं असतं, हे मला कळत होतं. त्यालाही कळत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दमानं माझ्याकडं आला तो तोंड पाडून. "मावशी, यंत्र खोडीचं निघालं. मान टाकतंय. बीडला नीट चाललं, आता कण्हायलंय. देऊन येतो परत."

"आणि उद्या?"

"उद्या परळीची पोरं बोलवा."

मी म्हणाले, आण इकडं. मोतीबिंदू काढून माझा एक डोळा तोवर नवाकोरा झाला होता. गिंबल आणलं. बंद केलं की कॅमेरा नाकावर पडत होता. आणि लेन्सच्या खाली, अगदी गळ्याला, काळा दोरा बांधलेला. त्यात एक बिब्बा, एक लिंबू आणि वर मिरच्या.

"हे काय?"

"दृष्ट लागू न्हाई म्हून. बाप नवा बैल आणला की गळ्यात बांधायचा."

"हे वजन धरलंस का तू?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी काही अभद्र बोलले. "देवाच्या वस्तूचं वजन कुठं धरतेत, मावशी?"

"देवाला वजन नसंल. लिंबाला आहे."

गोधडीची कात्री हाताशीच होती. मी दोरा कापला. आमच्या घरात असल्या गोष्टी चालत नाहीत हे त्याला ठाऊकच होतं. कॅमेऱ्यानं मान उचलली. तिरका सोडला, तिरकाच राहिला. चालू केलं, कण्हणं बंद. दमानं बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला. ज्या माणसानं दुकानात पट्टी केसाएवढी सरकवायला इतका वेळ घेतला, त्यानंच गळ्यात लिंबू बांधून चांगला बैल खोडीचा ठरवला होता. लिंबाचं मी दुपारी सरबत केलं. त्यालाही दिलं.

लग्नाच्या दिवशी तो माझ्याआधी कार्यालयात होता. मी पोचले तेव्हा आत त्याची नेहमीची फेरी चालली होती. पाण्याचे पिंप फिरवून झाले, हात धुवायच्या आरशावर टॉवेल पडला. मग मंचाकडं गेला. मंचावर बुद्धाची मोठी तसबीर होती, काचेची, पुढं मेणबत्त्या आणि फुलं. त्यानं खांद्यावरून उपरणं काढलं.

मी दारातूनच म्हणाले, "तिच्यावर कापड टाकशील तर बघ."

"काचेत मी दिसंन, मावशी."

"दिस. पण तिला झाकायचं नाही."

तो उपरणं हातात घेऊन उभा राहिला. मग खांद्यावर टाकलं आणि निमूट खाली उतरला.

नात पांढऱ्या साडीत दारातून आत आली, माझ्या हाताला धरून. दोन्हीकडं खुर्च्या, मधे चिंचोळी वाट, आणि आमच्यापुढं दमानं, तोंड आमच्याकडं, मागं मागं चालत. दोन्ही हातांत गिंबल. गुडघे वाकवलेले. चवडा, टाच, चवडा, टाच. एक म्हातारा काठी पसरून बसला होता, दमानंनं न बघता ती ओलांडली. खुर्च्यांच्या कडेला परळीची दोन पोरं पाहुणी म्हणून आली होती, त्यांची नजर नवरीकडं नव्हती, त्याच्या पायांकडं होती. मला त्याचं तोंड दिसत होतं. घामानं भिजलेलं. आणि मुठीच्या खाली मनगट दिसत होतं. त्या दिवशी गोळीनं काही केलं नव्हतं.

"दमानं," तो मला म्हणाला. मी दमानं घेतलं. मी कुणाचं ऐकत नाही, पण घेतलं.

गाथा झाल्या, फुलं टाकून झाली, जेवणं झाली. तो पेटी भरून गेला.

मग काही दिवसांनी तो चित्र घेऊन परळीला मुलाच्या घरी आला. आम्ही सगळे टीव्हीपुढं. भावकी, शेजारी, नात आणि तिचा नवरा. दमानं दाराला टेकून, टीव्हीकडं पाठ करून. दारातून नात आत येताना दिसली, मी शेजारी. आम्ही पाण्यावरून आल्यासारख्या येत होतो, आणि तरी चालत होतो, पाय जमिनीवर टेकत होते. भुतं नव्हतो. मुलगा पुढं सरकून बसला.

मग मंच आला. नवरा-नवरी वाकून फुलं वाहतायत, मागं तसबीर. आणि तसबिरीच्या काचेत, बुद्धाच्या खांद्याजवळ, दमानं. स्वच्छ दिसत होता. वर कॅमेरा, भिंतीत बसवल्यासारखा स्थिर. आणि त्याच्या खाली दोन हात. डावा जागेवर. उजवा कापत होता.

माझ्या नव्या डोळ्याला दिसलं, म्हणजे सगळ्यांनाच दिसलं. कुणीतरी म्हणालं, "अगं, हात बघ की त्याचा." हे तेवढंच कापून टाकायला त्याला किती वेळ लागला असता? अख्खं भांडण कापून टाकणारा माणूस. आपलं प्रतिबिंब सापडू नये म्हणून पिंप फिरवणारा. त्यानं ते ठेवलं होतं, आणि लांबवून ठेवलं होतं.

"दिसलास की रे," मी म्हणाले.

"दिसू द्या, मावशी." त्यानं आमच्याकडं, एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्या मुलाकडं. "गुरुजी, चित्र हललं का?"

मुलानं रिमोट घेतला. मागं नेलं, पुन्हा लावलं. आधी त्यानं काचेतल्या हाताकडं बघितलं असावं, मग सगळ्या चित्राकडं. मेणबत्तीची ज्योत सोडली तर तिथं काही हलत नव्हतं. त्यानं आणखी एकदा मागं नेलं. मास्तर आहे, पेपर तपासल्यासारखा बघत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "हललं न्हाई."

"मग चहा घेतो," दमानं म्हणाला.

सुनेनं चहा आणला. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला, जिथं रस्त्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला बघू शकत होता, आणि त्यानं चहा बशीत ओतला. बशी तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा सांडला. उरलेल्याचा त्यानं भुरका मारला. आत बसलेल्या आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला. मी उठून त्याला फडकं दिलं आणि सुनेला सांगितलं, त्याला आणखी अर्धा कप दे.